पोटातली दुर्बीण आणि परिचारिकांचे प्रश्न

आकाश न्याहाळणारी दुर्बीण आपल्याला ठाऊक असते. पोटात डोकावणारी दुर्बीण ही तिची धाकटी बहीण. 1868 साली जर्मनीत डॉ. कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळियाच्या घशातून सरळ नळी जठरापर्यंत उतरविली. काचतंतूंची वाकणारी नळी यायला मात्र 1957 साल उजाडावे लागले. ते काम हिर्शोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांचे. नळी घालतात डॉक्टर, पण तिच्या आधीचे आणि नंतरचे बरेचसे काम परिचारिकेचे. तिला पडणारे तीन प्रश्न आज पाहू.

पहिला प्रश्न : रोगी उपाशी असल्याचे सांगतो, तरी जठरात अन्न कसे निघते?

याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. ‘उपाशी’ आणि ‘उपवास’ यांची गल्लत होते. उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, केळी, दूध चालतेच की! पण जठराला एकादशी कळत नाही. घन अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधी बंद, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून “उपाशी आहात का?” असे न विचारता “शेवटचं काय घेतलंत, किती वाजता?” असे विचारावे. चहासुद्धा विचारावा; त्यात दूध असते. पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते.

उलट शिरपूर जैनसारख्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या क्षेत्री चौविहार पाळणारी मंडळी सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. अशा वृद्धाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवू नये, सकाळचा पहिला क्रम द्यावा. मधुमेहाच्या गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

दुसरा प्रश्न : बाहेर रांग लागली आहे, नळी नुसती धुऊन पुढच्या रोग्याला वापरली तर?

मुळीच नाही. नळीच्या पोटात अरुंद वाटा असतात. त्यांत लाळ, रक्त, चिकटा वाळला की जंतूंना घरच मिळते. अल्सरला कारण होणारा हेलिकोबॅक्टर असा एका रोग्याकडून दुसऱ्याकडे गेल्याचे आढळले आहे. म्हणून नळी बाहेर येताच पुसावी, तिच्यातून धुण्याचे द्रावण ओढावे, गळती तपासावी आणि मग प्रत्येक वाटेत ब्रश फिरवावा. त्यानंतरच जंतुनाशक. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइड असेल तर सामान्यतः वीस मिनिटे. पण बाटलीवरची सूचना प्रमाण मानावी आणि द्रावणाचा जोर पट्टीने तपासावा. घाण तशीच ठेवून बुडविले तर हे औषध ती घाण तिथेच घट्ट बसवते! शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन, वाटा अल्कोहोल व हवेने कोरड्या करून नळी उभी टांगावी. तुकडा काढणारा चिमटा आतल्या त्वचेला छेदतो. तो पुन्हा वापरायचा असेल तर पूर्ण निर्जंतुकच हवा.

तिसरा प्रश्न : तपासणी झाली, रोगी म्हणतो, “बाई, माझी एस.टी. चुकेल.” सोडावे का?

घसा बधिर असेतो पाण्याचा घोटही नको, ठसका लागेल. गुंगीचे औषध दिले असेल तर नाडी, श्वास, प्राणवायूची पातळी पाहत राहावे, आणि सोबतीच्या माणसाशिवाय रोग्याला सोडू नये. चोवीस तास गाडी चालवायची नाही. छातीत वा पोटात जोराची कळ, रक्ताची उलटी, काळा शौच, ताप, यांपैकी काही झाले तर तडक परत यावे, हे त्या सोबत्यालाही सांगावे. गुंगीतला रोगी ऐकतो आणि विसरतो.

एस.टी. दुसरी मिळते. वाळायला टांगलेल्या नळीची मिनिटे मात्र कोणाच्या घाईसाठी कमी करता येत नाहीत.