नऊ दिवसांचे तांबडे पान

फोंड्यातील आमच्या घरी दवाखान्याच्या जुन्या डायऱ्यांचा एक गठ्ठा जपून ठेवलेला आहे. त्यांतील एका डायरीच्या अखेरच्या कोऱ्या पानांवर माझ्या पत्नीच्या टपोऱ्या अक्षरात तारखांच्या जोड्या लिहिलेल्या आहेत. पहिल्या तारखेपुढे ‘उघडले’ आणि दुसरीपुढे ‘हिरवे’. परक्या माणसाला तो एखाद्या रुग्णाच्या तापाचा तक्ता वाटावा. सहा वर्षांत अशा चौदा नोंदी झाल्या आहेत. दोन तारखांतील अंतर कधी सहा दिवसांचे, एकदाच अकरा दिवसांचे, आणि बहुतेक वेळा आठ-नऊ दिवसांचे. ही नोंद आमच्या परसातील एका पामच्या नव्या पानांची आहे. हे पान उघडते तेव्हा गडद तांबडे असते. मग तपकिरी छटेतून उतरत काही दिवसांतच इतर पानांसारखे हिरवे होऊन जाते. ती डायरी का सुरू झाली, हे शेवटी सांगेन. आधी झाडाची ओळख करून देतो.

या पामचे शास्त्रीय नाव चँबेरोनिया मॅक्रोकार्पा. रोपवाटिकांमध्ये ‘रेड लीफ पाम’ किंवा ‘फ्लेमथ्रोअर’ या नावाने तो विकला जातो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया नावाचा फ्रेंच अंमलाखालील द्वीपसमूह आहे. तेथील डोंगरउतारांवरची ओलसर अरण्ये हे त्याचे माहेर. या छोट्याशा भूभागात पामच्या सुमारे चाळीस जाती आढळतात आणि त्यांतील जवळजवळ सर्व जगात अन्यत्र कोठेही आपोआप उगवत नाहीत. चँबेरोन हा त्या किनाऱ्याचे नकाशे तयार करणारा फ्रेंच नौदलाचा अधिकारी. त्याचे नाव या वृक्षकुलाला दिले ते यूजीन व्हिएलार याने, आणि हा व्हिएलार पेशाने नौदलातील शल्यचिकित्सक होता. रुग्णसेवा सांभाळून त्याने त्या बेटांवरील वनस्पतींचा मोठा संग्रह केला.

वैद्य आणि ताडकुलातील वृक्ष यांचे नाते आपल्या भूमीला नवे नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधी द्रव्यांवरील आपला संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला; त्यात नारळ आणि सुपारी या दोहोंवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. पुढे शंभर वर्षांनी कोचीनमध्ये सिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाच्या कामी रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले. १६७८ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या खंडाचा आरंभ माडापासूनच होतो. तेव्हा एखाद्या डॉक्टरने दवाखान्याच्या वेळातून सवड काढून पामचे कौतुक करावे, याला चांगली परंपरा आहे.

नवे पान तांबडे का?

हा प्रश्न आपल्या अंगणातही विचारता येतो. फाल्गुन-चैत्रात आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते. नागचाफा, सीताअशोक, दालचिनी आणि रानातील कुसुंब यांची पालवीही कमी-अधिक लाल असते. या लाल रंगाच्या मुळाशी बहुधा अँथोसायनिन गटातील द्रव्ये असतात. भिरंडाच्या सोलांना आणि जांभळाला रंग देणारा गट हाच. कोवळ्या पानात हरितद्रव्याची यंत्रणा पूर्ण उभी राहिलेली नसते. अशा वेळी जादा प्रकाश पडला, तर त्याचे अन्नात रूपांतर होण्याऐवजी पेशींना इजा होते. लाल रंगद्रव्य त्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि पानाला सावली पुरवते, हे एक स्पष्टीकरण. पान खाणाऱ्या किड्यांना असे पान सहज दिसत नाही, आणि त्यात पोषणही बेताचे असते, हे दुसरे. वनस्पतिशास्त्रज्ञांत यावर अद्याप एकमत नाही. कदाचित दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असतील. घनदाट अरण्याच्या तळाशी वाढणाऱ्या झाडांत पान आधी पूर्ण आकाराचे करावे आणि हिरवे मागाहून करावे, ही रीत पुष्कळ आढळते. आपल्या पामचा तांबडेपणा हा त्याचाच प्रकार होय.

तांबडे पान म्हणजे आजारी पान नव्हे, हे एवढ्यासाठी सांगितले की परिचयातील एका गृहस्थांनी ते ‘करपले’ असे समजून कापून टाकले होते. वर्षाकाठी दोन-तीन पाने देणाऱ्या झाडाच्या दृष्टीने हा फार मोठा रक्तस्राव ठरतो.

माझ्या हातून झालेल्या चुका

पहिले रोप मी मार्च महिन्यात आणले आणि सर्वांना दिसावे म्हणून फाटकाजवळ उन्हात लावले. आठवड्यात पाने करपली. मी घाबरून युरिया घातला, पाणी दुप्पट केले, मग बुरशीनाशक फवारले, आणि तरीही सुधारणा नाही म्हणून ते उपटून दुसऱ्या जागी लावले. आमच्याकडे माड-पोफळींची कामे करायला येणारा वृद्ध गडी शांतपणे पाहत होता. तो एवढेच म्हणाला, “दोतोर, त्याला जरा तसंच राहू द्या.” मी राहू दिले नाही. रोप मेले. पदव्युत्तर शिक्षण घेताना आमचे गुरुजी अतिउपचाराबद्दल जे सांगत, ते मला त्या खड्ड्यापाशी उभे असताना नव्याने आठवले.

दुसरे रोप जगले, पण त्याने कधीच तांबडे पान दिले नाही. या जातीत झाडागणिक फरक असतो. काहींचे नवे पान लालभडक, काहींचे फिकट, तर काहींचे जन्मतः हिरवेच. ही आनुवंशिकता असल्यामुळे खत-पाण्याने त्यात बदल होत नाही. म्हणून तिसरे रोप मी रोपवाटिकेत स्वतः जाऊन, उघडत असलेले लाल पान डोळ्यांनी पाहून आणले. वाचकांनीही तसेच करावे. पाटीवरील नाव हा पुरावा नव्हे.

लागवडीविषयी थोडे

या पामला तीन गोष्टी हव्यात: सावली, सतत ओलावा आणि पाण्याचा उत्तम निचरा. आपली जांभ्याची आम्लधर्मी जमीन त्याला मानवते, मात्र मुळाशी पाणी साचता कामा नये. कुळागरात पोफळीच्या छायेत मिरवेल जशी सुखाने राहते, तशी जागा निवडावी. आंब्याची किंवा माडाची विरळ सावली उत्तम. पहिली काही वर्षे दुपारचे ऊन अजिबात नको. झाड मोठे झाल्यावर सकाळचे ऊन ते सहन करते.

रोप मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर लावावे. मुळांना धक्का लागलेला त्याला खपत नाही. मातीचा गोळा न फोडता पिशवी अलगद कापून तो जसाच्या तसा खड्ड्यात बसवावा आणि पुन्हा हलवू नये. चांगले कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि वर सोडणांचे आच्छादन एवढे पुरेसे. हे आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नये. फेब्रुवारी ते मे या काळात ओल टिकवणे हेच खरे काम.

पालाशाची कमतरता प्रथम सर्वांत जुन्या पानांवर पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांच्या रूपाने दिसते. ती पाने कुरूप दिसतात म्हणून कापण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण झाड त्याच पानांतील साठा काढून नव्या पानाला पुरवीत असते. पान पूर्ण वाळून आपोआप सुटेपर्यंत थांबावे.

एक गोष्ट कायम स्मरणात असावी. एकखोडी पामला वाढीचा एकच बिंदू असतो. तो शेंड्याशी, मिटलेल्या कोंबाच्या तळाशी. आंबा छाटला तर फुटतो. पामचा कोंब गेला तर झाड गेले. पावसाळ्यात कोंब कुजण्याचा धोका असतो. पोफळीवर कोळेरोग येऊ नये म्हणून आपल्याकडे एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. तेच शेजारच्या पामच्या शेंड्यावर पावसाच्या तोंडी एकदा फवारल्यास हरकत नाही. उघडलेल्या तांबड्या पानावर मात्र काहीही फवारू नये. गेंडा भुंगा आणि सोंड्या भुंगा हे माडाचे शत्रू याही झाडावर येऊ शकतात, म्हणून परसातील कुजकी खोडे आणि उघडे शेणाचे ढीग हलवावेत.

याच हौसेची इतर झाडेही आहेत. इंडोनेशियातील सुलावेसी आणि मोलुक्का बेटांवरचा अरेका व्हेस्टियारिया हा आपल्या पोफळीचा सख्खा नातलग. त्याच्या खोडाच्या माथ्याला गुंडाळलेली पानांची आवरणे नारिंगी असतात, आणि त्याच्या एका प्रकारात नवे पान गडद लालसर येते. न्यू गिनीकडील कॅलिप्ट्रोकॅलिक्सच्या काही ठेंगण्या जाती मद्यवर्णी पाने देतात आणि कुंडीतही राहतात. ‘लिपस्टिक पाम’ म्हणून विकला जाणारा सिर्टोस्टॅकिस वेगळा. त्याचे पान हिरवेच, लाल असतात ती पानांची आवरणे आणि देठ, आणि त्याला पाय सतत पाण्यात हवे असतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील व्यवसायबंधूंनी मात्र यांपैकी कशाचाही हट्ट धरू नये. तेथील कोरडा उन्हाळा आणि लू या झाडांना सोसणारी नाही. बेळगावकरांनी सावलीत प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.

चार वैद्यकीय इशारे

स्मरणिका डॉक्टरांची असल्याने हे सांगितले पाहिजे. कुंड्यांखालील बशा आठवड्यातून एकदा पालथ्या करून कोरड्या कराव्यात. डेंग्यूच्या डासाचे अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचे आयुष्य साधारण सात ते दहा दिवसांत पुरे होते, म्हणजे आपले तांबडे पान हिरवे व्हायला लागतात तेवढ्याच काळात. खजुरी जातीच्या शोभेच्या पामचे काटे सांध्याजवळ रुतल्यास त्यांचे तुकडे आत राहून अनेक आठवड्यांनी सांधा सुजतो. मुलाच्या एकाच गुडघ्याची रेंगाळणारी सूज पाहताना बागेची चौकशी अवश्य करावी. भेरली माडाच्या फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मुले ती फळे फोडतात आणि हाता-तोंडाची आग घेऊन आपल्याकडे येतात. आणि पोफळ हा कितीही देखणा वृक्ष असला, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडात सुपारीची गणना मानवी कर्करोगकारकांत केली आहे. झाड अंगणात असावे, फळ गालात नसावे.

ती डायरी

आता राहिलेली गोष्ट. तिसऱ्या रोपाने आमच्या दारी पहिले तांबडे पान उघडले ते ऐन जुलैमध्ये. तापाची साथ होती. सकाळी साडेआठला दवाखाना उघडला की रात्री दहापर्यंत पाठ टेकायला मिळत नसे. एका शुक्रवारी मी घाईने निघालो असता पत्नी मागील दारातून म्हणाली, “अहो, पान उघडलंय. दोन मिनिटं पाहून तरी जा.” मी म्हणालो, “रविवारी निवांत पाहू.” त्या रविवारी एका अत्यवस्थ रुग्णासोबत बांबोळीला जावे लागले. त्यापुढील रविवारी मी चहाचा कप घेऊन परसात गेलो. पान सर्व बाजूंनी हिरवे झालेले होते.

मी काहीतरी सबब सांगू लागलो. तिने ती ऐकून घेतली, आत जाऊन एक जुनी डायरी आणली आणि शेवटच्या पानावर दोन तारखा लिहिल्या. “पुढच्या वेळी किती दिवस हातात असतात, ते तरी तुम्हाला कळेल,” एवढेच ती म्हणाली.

त्या वाक्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. आमच्या मुलीने पहिले पाऊल टाकले तेव्हा मी बाह्यरुग्ण विभागात होतो. ती पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा दवाखान्यात. ‘रविवारी पाहू’ हे उत्तर त्या घरात जुने होते. फरक एवढाच की तेव्हा कोणी तारखा लिहून ठेवल्या नव्हत्या. रुग्ण सोडून जावे असे मी कोणासही सांगणार नाही. त्या रविवारी बांबोळीला जाणे योग्यच होते. परंतु त्या शुक्रवारपासूनच्या नऊ दिवसांत मागील दारापर्यंतची दोन मिनिटे मला एकदाही सापडली नसती, असे मात्र म्हणता येणार नाही.

त्यानंतरच्या तेरा नोंदींतील प्रत्येक पान मी पाहिले आहे. दवाखाना आता सकाळी नऊला उघडतो. रुग्णांची त्याबद्दल तक्रार नाही.

हे लिहीत असताना कोंब हातभर वर आला आहे. मिटलेल्या सुरळीच्या कडेला किंचित तांबूस रेघ दिसू लागली आहे. डायरी मागील दाराजवळच्या फडताळात, पेन आत घालून ठेवलेली आहे.