कामट्या, कागद आणि अष्टदिशा

मराठी घराची दिवाळीतील सजावट बारकाईने पाहिली, तर तिचा मोठा भाग घराच्या सीमेवर मांडलेला दिसतो: अंगणात सडा आणि रांगोळी, उंबरठ्याच्या दोन्ही अंगांना पणत्या, चौकटीवर आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे तोरण, आणि या सगळ्यांच्या पुढे, छपराच्या कडेबाहेर टांगलेला आकाशकंदील. दिवाणखान्यात कोणती वस्तू कोणत्या कोपऱ्यात ठेवावी, याविषयी अलीकडे वास्तुशास्त्राच्या नावाने जे विपुल लेखन होते, ते या सीमेकडे फारसे पाहत नाही, ही त्या लेखनाची मोठी उणीव म्हटली पाहिजे. कारण दिशा आणि हस्तकला यांची खरी गाठ तेथेच पडते, आणि त्यातही ती सर्वांत स्पष्टपणे पडते कामट्यांच्या जुन्या कंदिलात.

सणाची चौकट सर्वपरिचित आहे. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, धनत्रयोदशीला दीपदान, नरकचतुर्दशीला पहाटेचे अभ्यंगस्नान, अमावास्येला लक्ष्मीपूजन, त्यानंतर पाडवा आणि भाऊबीज अशा क्रमाने अश्विनाचा शेवट आणि कार्तिकाचा आरंभ एकमेकांना जोडले जातात, आणि दिव्यांची ही मालिका पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत, काही ठिकाणी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालू राहते. या दिवसांमागील कथांची पुनरावृत्ती प्रत्येक दिवाळीत होतच असते, म्हणून ती येथे टाळलेली बरी.

वास्तुविद्येविषयी मात्र थोडे सांगणे आवश्यक आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वास्तुविद्येला स्वतंत्र अध्याय आहे आणि अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ तर नगररचनेपासून यंत्रांपर्यंत विस्तारतो. या परंपरेत घराची जागा म्हणजे चौकोनी मंडल मानले जाते, त्याचे 64 किंवा 81 समान भाग, म्हणजे पदे, कल्पिली जातात आणि प्रत्येक पदावर एकेका देवतेचा अधिकार सांगितला जातो. 81 पदांच्या मंडलात मधली 9 पदे ब्रह्म्याची असून त्या भागाला ब्रह्मस्थान म्हणतात. जुन्या वाड्याचा उघडा चौक या कल्पनेशी सहज जुळतो. मंडलाच्या कडांवर आठ दिक्पाल येतात: पूर्वेला इंद्र, आग्नेयेला अग्नी, दक्षिणेला यम, नैर्ऋत्येला निर्ऋती, पश्चिमेला वरुण, वायव्येला वायू, उत्तरेला कुबेर आणि ईशान्येला ईशान. हे सारे शास्त्र प्रामुख्याने जागेची निवड, भिंती, दारे, खांब आणि त्यांची मापे यांचे आहे. काचेचे पिरॅमिड, स्फटिक किंवा धातूची कासवे घेऊन त्यावर दिशांची चिठ्ठी चिकटवणारा आजचा बाजार या ग्रंथांचा वारसा सांगत असला, तरी तो वारसा फार लांबून आलेला दिसतो.

सजावटीत दिशेचा नियम निःसंदिग्धपणे पाळला जातो तो धनत्रयोदशीच्या यमदीपात. एरवी दिव्याची वात दक्षिणेकडे करू नये, असा घरोघरी संकेत असताना या एका संध्याकाळी दाराबाहेर ठेवलेल्या दिव्याची ज्योत मुद्दाम दक्षिणेकडे केली जाते, कारण ती दिशा यमाची. सजावटीच्या इतर वस्तूंना असा काटेकोर नियम नाही. रांगोळीसाठी शिरगोळ्याच्या दगडाची पूड वापरली जाते. तिचे पूर्वरूप म्हणता येईल अशी तांदूळ आणि फुले यांच्या आकृत्यांची कला ‘कामसूत्रा’तील 64 कलांच्या यादीत ‘तंडुलकुसुमबलिविकार’ या नावाने येते. पणती कुंभाराच्या चाकावरची, आणि मुंबईच्या बाजारातील पणत्यांचा मोठा भाग धारावीच्या कुंभारवाड्यातून, म्हणजे पिढ्यांपूर्वी सौराष्ट्रातून आलेल्या कारागिरांच्या हातून येतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहिले जाते, ती शिंदीच्या पानांची असते. पूजेच्या दिवशी कोपऱ्यातून निघून पाटावर जाणारे हे घरातले बहुधा एकमेव अवजार असेल, आणि सजावटीवरच्या लेखांत तिचा उल्लेख क्वचितच येतो, याचे आश्चर्य वाटते.

आता आकाशकंदील. त्याचे मूळ शोधणारे सहसा आकाशदीपापर्यंत पोहोचतात आणि तेथेच थांबतात. वास्तविक गंमत त्यापुढे आहे. पैठणहून काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील, नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधू’ हा धर्मशास्त्रावरील निबंध, म्हणजे अनेक जुन्या ग्रंथांतील वचने एकत्र करून निर्णय देणारा ग्रंथ, पूर्ण केला. त्यात कार्तिकातील आकाशदीपाचा विधी येतो, आणि त्यात दिवा कोठे व कसा लावावा याचे जवळजवळ सुताराला सांगावे तसे वर्णन आहे: सूर्य मावळताना घरापासून फार दूर नसलेल्या जागी, यज्ञाला चालणाऱ्या झाडाच्या लाकडाचा पुरुषभर उंचीचा खांब रोवावा, त्याच्या माथ्यावर दोन हात लांबीच्या, मध्ये छिद्र असलेल्या चार पट्ट्या आठ पाकळ्यांसारख्या बसवाव्यात, त्या आठ दिशांना अनुसरून असाव्यात, आणि मधोमध दीप असावा. दिक्पालांचे जे मंडल वास्तुविद्या जमिनीवर आखते, तेच येथे खांबाच्या टोकावर, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर उचलले गेले आहे. काशीच्या घाटांवर आजही कार्तिकात उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या आणि बांबूच्या टोपल्यांतून दिवे चढवले जातात, आणि पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ उभा आहे. देवळापुढच्या दीपमाळा, मग त्या जेजुरीच्या असोत वा गोव्यात मंगेशीची सात मजल्यांची अष्टकोनी असो, याच कल्पनेची दगडी भावंडे म्हणता येतील.

मराठी घरातील पारंपरिक कंदील या आकाशदीपाचा थेट वंशज आहे, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि तसा दावा करण्याचा मोहही टाळावा. तरीही त्याच्या सांगाड्यात आठ दिशा ज्या रीतीने बसल्या आहेत, ती पाहण्यासारखी आहे. हा सांगाडा सहा चौकोनांचा असतो. सारख्या लांबीच्या 24 कामट्या घ्याव्यात, चारचार कामट्यांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधावेत. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा, आणि उरलेले चार कोपऱ्यावर उभे करून बाजूंना ठेवावेत. मग बाजूच्या चौकोनांची वरची टोके वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना, खालची टोके खालच्या चौकोनाच्या कोपऱ्यांना, आणि आडवी टोके शेजारच्या चौकोनांच्या टोकांना बांधली, की एकंदर 12 सांध्यांत सारे काम संपते आणि चौकोनांच्या मधून, कोणी न बांधताच, आठ समभुज त्रिकोण तयार होतात: चार वर, चार खाली. असा कंदील एका चौकोनाचे तोंड पूर्वेला करून टांगला, तर बाजूचे चार चौकोन चार मुख्य दिशांना पाहतात आणि त्रिकोणांच्या चार जोड्या आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य, ईशान्य या चार उपदिशांना. वरचा आणि खालचा चौकोन ऊर्ध्व आणि अधर या उरलेल्या दोन दिशा सांभाळतात. दहा दिशांचा हा हिशेब कोणा बुरुडाने मनात धरून केला असेल असे नाही. आकृतीच तशी आहे.

भूमितीत ही आकृती आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 13 घनाकृतींपैकी एक आहे. तिचा एक विशेष गुण असा, की केंद्रापासून प्रत्येक सांध्याचे अंतर कामटीच्या लांबीइतकेच असते. कामट्या 12 इंचांच्या असतील, तर मध्यभागी ठेवलेला दिवा बाराही सांध्यांपासून 12 इंच दूर राहतो, समोरासमोरच्या चौकोनांमधील अंतर सुमारे 17 इंच भरते, आणि दिव्यापासून चौकोनी कागदाचा मध्य सुमारे साडेआठ इंच, तर त्रिकोणी कागदाचा मध्य सुमारे पावणेदहा इंच अंतरावर येतो. म्हणजे चौकोनावर त्रिकोणापेक्षा सुमारे एकतृतीयांश अधिक उजेड पडतो. चौकोनाला गडद लाल किंवा निळा आणि त्रिकोणाला पिवळा किंवा पांढरा कागद लावण्याची जी पद्धत अनेक जुन्या कंदिलांत दिसते, तिला हे गणित चांगले पाठबळ देते. उलट केल्यास फिकट चौकोन डोळ्यांत भरतात आणि गडद त्रिकोण मलूल दिसतात. साध्या तापणाऱ्या बल्बच्या काळात चौकोनाचे हे जवळचे अंतर आगीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे होते, आणि वरचा चौकोन उघडा ठेवण्याचे कारण तेच होते.

हा सांगाडा कागद लावेपर्यंत लुळा असतो, ही गोष्ट पहिल्यांदा कंदील करणाऱ्या मुलांना फार निराश करते. त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही, पण चौकोनाचे कोपरे दोऱ्याच्या सांध्यांवर फिरतात, त्यामुळे हाताने दाबताच सगळा सांगाडा पिळल्यासारखा आत वळतो. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी विसाव्या शतकात याच आकृतीच्या या वळण्याचा खास अभ्यास करून त्याला नृत्याचे नाव दिले. कंदिलाला स्थिरता येते ती कागदाने. खळ, म्हणजे मैदा किंवा कणीक पाण्यात शिजवून केलेला चिकट लेप, कामट्यांना लावून पतंगाचा पातळ कागद चिकटवला, की खळीच्या ओलाव्याने सैलावलेला तो कागद वाळताना आक्रसतो, ताणला जातो आणि चौकोनाचे कोपरे जखडून ठेवतो. चौकोनाचे दोन्ही कर्ण आधी दोऱ्याने मोजून सारखे केले नसतील, तर ती तिरपी अवस्थाच कायमची होते. खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची पद्धत बुकबाइंडरांकडून आलेली असो वा नसो, ती पाळावी. नाहीतर पुढच्या वर्षी माळ्यावरून कंदील उतरवेपर्यंत झुरळांनी कागद खाल्लेला असतो.

कामटीविषयीही दोन शब्द. बांबूच्या भिंतीत तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात, म्हणून साल राखून चिरलेली कामटी वाकते आणि आतल्या गराची कामटी मोडते. पुण्याच्या बुरूड आळीत उभे राहून कोयत्याने कांडे चिरले जाताना पाहणाऱ्याच्या लक्षात येते, की कारागीर दोन गाठींमधले सरळ कांडे निवडतो आणि चीर मध्यावरून नेतो, जेणेकरून दोन्ही भाग सारखे फुटावेत. महाराष्ट्रात मानवेल हा जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव बांबू या कामाला उत्तम, तर कळक पोकळ आणि मोठा. येथे एक अवांतर: बांबू हे गवत असूनही भारतीय वन कायद्यात तो वृक्षांमध्ये गणला जात होता, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेणाऱ्यालाही परवान्याचा जाच होत असे, 2017 च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू या व्याख्येतून वगळला गेला. हातकलेच्या प्रोत्साहनावर होणाऱ्या भाषणांपेक्षा या एका शब्दाच्या वगळण्याने बुरुडांचे अधिक भले होण्याची शक्यता आहे.

बाजारात आज जे मिळते त्यात या आकृतीचा वाटा कमी झाला आहे. माहीमच्या कंदील गल्लीत किंवा दादरच्या रानडे रोडवर चांदण्या, कमळे, घडीच्या कागदाचे गोल आणि कापडी कंदील रांगेने लटकतात. गोव्यात आकाशकंदिलांच्या स्पर्धांना जे रूप आले आहे, त्यात नारळाच्या शेंड्यांपासून कडधान्यांपर्यंत काहीही वापरून थक्क करणारे काम होते. यांतील बरेच काम कौतुकाचे आहे. जिलेटीनच्या कागदाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही, कारण तो पारदर्शक असल्याने उजेड पसरवत नाही आणि आतला बल्ब नागडा दाखवतो. वारली चित्रे छापलेल्या कंदिलांबाबतही संकोच वाटावा: त्या चित्रपरंपरेचा गाभा म्हणजे लग्नप्रसंगी सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेला, पालघाट देवीचा चौक, आणि जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणून जगापुढे नेली ती भिंतीची जाण ठेवूनच, तारपा नाचाचे वेटोळे कंदिलाच्या घडीवर मोडून दुमडणे हा तिचा सन्मान नव्हे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कंदील कोणत्या दिशेला लावावा हा प्रश्न हमखास पडतो. आकाशदीपाच्या विधीत सांगितली आहे ती घराची जवळीक, उंची आणि आठही दिशांना खुले असणे. त्यामुळे गॅलरी नैर्ऋत्येला आहे म्हणून कंदील न लावणाऱ्यांनी स्वतःला उगाच शिक्षा करून घेऊ नये. चौकोनाचे तोंड पूर्वेलाच राहावे अशी इच्छा असेल, तर एक व्यावहारिक अडचण ध्यानात घ्यावी लागते. एका दोरीवर टांगलेला कंदील वाऱ्याने फिरतो, वायरला पीळ बसतो आणि कोणतीही बाजू कोणत्याही दिशेला टिकत नाही. वरच्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना स्वतंत्र दोऱ्या बांधून त्या वर दोन वेगळ्या खिळ्यांना, निदान कामटीच्या लांबीइतक्या अंतरावर, ताणून घेतल्या, तर फिरणे बरेच थांबते. खालच्या झिरमिळ्या मात्र लांब आणि हलक्या ठेवाव्यात, कारण जाड क्रेप कागदाच्या झिरमिळ्या वारा धरतात आणि दोन दोऱ्यांवरचा कंदीलही हिसके देऊ लागतो.