गल्लीबोळांचं गणित

भिवंडीतल्या गोदामात पाळी सुरू झाली की माल उचलणाऱ्या पिकरच्या हातातला स्कॅनर पत्ता दाखवतो: गल्ली ७, रॅक ३, खालून दुसरा कप्पा, शाम्पूच्या २ बाटल्या. बारकोडवर लाल रेघ फिरते, माल ट्रॉलीत पडतो. पुढचा पत्ता, गल्ली १९. उचलायला काही सेकंद लागतात. खरा वेळ खातं ते चालणं. माणसाला पळवून हे सुटत नाही, त्याची वाट नीट आखावी लागते.

ती आखणं मोठं जिकिरीचं. १० वस्तू उचलण्याचे क्रम ३६ लाखांवर भरतात, १५ वस्तूंचे १ लाख कोटींच्याही पुढे. फिरत्या विक्रेत्याचं हे प्रसिद्ध कोडं; कोणत्याही नकाशावर ते हमखास झटपट सोडवणारी रीत आजवर सापडलेली नाही.

पण गोदाम हा कोणताही नकाशा नव्हे! समांतर गल्ल्या आणि दोन्ही टोकांना आडवा रस्ता, एवढाच त्याचा आराखडा. डोनाल्ड रॅटलिफ आणि आर्नन रोझेन्थाल या संशोधकांनी १९८३ मध्ये नेमकं हेच हेरलं. विणणाऱ्या बाईला मागच्या शंभर ओळी आठवाव्या लागत नाहीत, सुईवरचे टाके कसे आहेत तेवढं पाहून ती पुढे विणते. तसंच इथे. एकेका गल्लीत जाण्याचे प्रकार मोजकेच: आरपार जा, या टोकाने शिरून परत फिरा, त्या टोकाने शिरा, किंवा दोन्हीकडून शिरून मधला रिकामा भाग सोडून द्या. एक गल्ली संपवून पुढच्या गल्लीकडे वळताना मागचा सगळा प्रवास अवघ्या ७ अवस्थांत मावतो. म्हणून गल्ल्या दुप्पट झाल्या तर आकडेमोडही साधारण दुप्पटच होते. त्या काळच्या मायक्रोकॉम्प्युटरवर ५० गल्ल्यांचं उत्तर सुमारे मिनिटभरात आलं.

मथळे मात्र रोबोंना मिळतात. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना घेतली. तिचे बुटके रोबो अख्खी मांडणीच उचलून माणसासमोर आणतात. कल्पना झकासच आहे. पण ज्या असंख्य गोदामांत अजून माणूसच चालतो, तिथे रॅटलिफ-रोझेन्थाल यांची नावं माहीत असायला हवीत.

वाटेइतकीच महत्त्वाची मालाची जागा. जास्त खपाचा माल दाराजवळ हवा, पण सगळा एकाच गल्लीत कोंबला तर ट्रॉल्या ट्रॉल्यांना अडतात. शिवाय खप बदलतो. दिवाळीआधी उटणं आणि पणत्या पुढच्या कप्प्यांत येतात. तुळशीचं लग्न आटोपलं की त्या जागी दुसरा माल लागतो.