पद्मिनी आणि ८००: चाळीस अश्वशक्तीची दोन युगं

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाच्या दारात गाडी आली ती दोन खेपांत. आधी कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी, मग गुडगावची मारुती ८००. दोघींची ताकद जवळपास सारखीच, चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. फरक होता तो मालकाला किती राबवायचं यात.

पद्मिनी मूळची इटलीची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० डी इथे बनवायला घेतली आणि सत्तरच्या दशकात तिचं बारसं 'पद्मिनी' असं झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, गिअरचा दांडा स्टीअरिंगला. वजन नऊशे किलोच्या घरात. परवाना राज्यात नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारं गिऱ्हाईक हाताशी असल्यावर कंपनीला गाडी बदलायची घाई कशाला असेल?

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. सुझुकीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं आणि जोर पुढच्याच चाकांना. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्टच गेला. चाकं १२ इंची, वजन साधारण साडेसहाशे किलो. तेवढ्याच ताकदीला ओझं कमी, म्हणून गाडी चपळ.

दोघींची खरी परीक्षा व्हायची ती खंडाळ्याच्या घाटात. पद्मिनीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरे. ट्रकमागे रखडताना इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. उष्णतेने पेट्रोलची वाफ होई, पंपाला ती ओढता येत नसे आणि गाडी बंद पडे. मग बॉनेट वर, पंपावर ओलं फडकं, आणि सगळं कुटुंब कठड्याशी उभं. ८०० चा पंखा विजेवरचा. पाणी तापलं की तो आपणहून सुरू होई, गाडी उभी असली तरी.

या खोळंब्यांनी पद्मिनीचा मालक निम्मा मेकॅनिक झाला. चोक किती ओढायचा, पॉइंट कधी घासायचे, हे त्याला तोंडपाठ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी तिच्यावर चार दशकं संसार चालवले तेही याच गुणावर: बिघाड ठरलेले, इलाज स्वस्त, आणि तो करणारा हात नाक्यावर हजर. ८०० ने ही विद्याच अनावश्यक केली. बॉनेटखाली काय आहे हे न बघताही गाडी वापरता येते, हे तिने दाखवलं. त्यामुळे मेकॅनिकच्या भरवशावर न राहता गाडी घेणारा नवा वर्ग तयार झाला.

८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तेव्हा फारशी हळहळ झाली नाही. २०२३ मध्ये वयोमर्यादेच्या नियमाने पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा मात्र वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. जिच्यासाठी घाम गाळला तिचीच आठवण राहते, हे समजण्यासारखं आहे. पण गाडी म्हणून निवाडा करायचा तर कौल ८०० ला द्यावा लागेल: तिने त्रास दिला नाही, हाच तिचा मोठेपणा आणि विसरलं जाण्याचं कारणही.