विद्येचा तिसरा पाद

मनुष्याचें शिकण्याचें वय कोणतें, असा प्रश्न कोणीं आम्हांस तीन वर्षांपूर्वीं विचारला असता, तर डोक्यावर अक्षत पडली कीं विद्यार्थिदशा संपली, असें उत्तर आम्हीं बेधडक दिलें असतें. ज्याचें सारें आयुष्य खडूफळ्याच्या संगतींत गेलें त्या मास्तराच्या तोंडीं हें उत्तर शोभणारें नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दिव्याखालीं अंधार असतो, तसा मास्तराच्या खुर्चीखालींही असतो. तो अंधार आमच्याच घरच्या माडीवर कसा दूर झाला, तेंच आज वाचकांस सांगावयाचें आहे.

आमचें घर कोल्हापुरांत, शहराच्या जुन्या पेठेंत. दोघां भावांचे संसार अद्याप एकाच चुलीवर आहेत. थोरल्या बंधूंचे चिरंजीव शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतील एका फाउंड्रींत इंजिनियर आहेत. वय अडतीस, पदरीं दोन मुलें, डोक्यावर घराच्या दुरुस्तीचें कर्ज. असा त्यांचा सर्व संसार यथासांग चाललेला. एके रात्रीं पानावर बसले असतां ते हळूच म्हणाले, "काका, मी एम. टेक. ला नांव घातलंय. नोकरी सोडायची नाहीं. शनिवार-रविवार वर्ग असतील."

पंक्तींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग वहिनी म्हणाल्या, "आतां पोरांच्या परीक्षा बघायच्या कां बापाच्या?" सूनबाई ताटावर तूप वाढीत होत्या, त्यांचा हात थांबला, पण त्या कांहीं बोलल्या नाहींत. आम्हीं मात्र लांबलचक प्रवचन केलें. आश्रमधर्माचा दाखला दिला, गृहस्थाश्रमाचीं कर्तव्यें सांगितलीं, आणि फीचे पैसे मुलांच्या शिक्षणास लागतील असेंही सुचविलें. पुतणे मान खालीं घालून ऐकत होते. त्यांनीं उलट उत्तर केलें नाहीं, आणि नांवही काढून घेतलें नाहीं.

आतां खरें सांगावयाचें, तर आमच्या त्या प्रवचनाचें मूळ शास्त्रांत नव्हतें. आम्ही १९७३ सालचे मॅट्रिक. पुढें शिक्षकाची नोकरी मिळाली, संस्कृताचें अध्ययन पाठशाळेंत शास्त्रीबोवांजवळ झालें. पण पदवी घेणें राहून गेलें. शिवाजी विद्यापीठाच्या बी. ए. साठीं आम्हीं दोन वेळां बहिःस्थ म्हणून अर्ज भरला आणि दोन्ही वेळां घरचीं कारणें सांगून परीक्षेस बसलों नाहीं. कारणें खरीं होतीं, पण पुरेशीं नव्हतीं. आपल्या हातून जें झालें नाहीं तें दुसऱ्यानें करूं घातलें, म्हणजे मनुष्यास शास्त्र फार लवकर आठवतें.

पोट भरतां भरतां विद्या करण्याची ही रीत कांहीं आजची नव्हे. लंडन शहरांत १८२३ सालीं डॉ. जॉर्ज बर्कबेक यांच्या पुढाकारानें कारागिरांसाठीं एक संस्था निघाली. दिवसभर काम करावें आणि सायंकाळीं विज्ञान शिकावें, हा तिचा हेतु. आज ती बर्कबेक या नांवानें लंडन विद्यापीठांत नांदते आहे. अमेरिकेंत शिकागो विद्यापीठानें १९४३ सालीं, ऐन महायुद्धांत, नोकरींत असलेल्या व्यवस्थापकांसाठीं निराळा पदव्युत्तर वर्ग काढला. आपल्याकडे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स ही संस्था १९२० सालीं स्थापन झाली व १९३५ सालीं तिला राजसनद मिळाली. तिच्या ए. एम. आय. ई. परीक्षेचा अभ्यास कंदिलाच्या उजेडांत करून किती ओव्हरसियर व डिप्लोमावाले इंजिनियर झाले, त्यांची गणती नाहीं. पुढें पिलानीच्या बिर्ला संस्थेनें १९७९ सालीं नोकरदारांसाठीं जी योजना सुरू केली, तींत काम आणि अभ्यास यांची सांगड घातलेली आहे. आणि २०२३ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेंही नोकरी करणाऱ्यांसाठीं, त्यांना सोयीच्या वेळेचे वर्ग चालविण्यास महाविद्यालयांस वाट मोकळी करून दिली.

या अभ्यासक्रमांची घडण सामान्यतः अशी असते. दोन वर्षें, चार सत्रें. पहिल्या तीन सत्रांत विषय शिकावयाचे, व्याख्यानें बहुधा सुटीच्या दिवशीं व संगणकाच्या पडद्यावर. चौथ्या सत्रांत प्रबंध. आणि तो प्रयोगशाळेंतील कल्पित प्रश्नावर नव्हे, तर विद्यार्थी ज्या कारखान्यांत राबतो तेथील खऱ्या अडचणीवर लिहावयाचा. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेंतील एम. आय. टी. येथें शिकून १९२६ सालीं पदवीधर झाले, तेव्हां विद्येसाठीं समुद्र ओलांडावा लागला. आतां विद्याच जिना चढून माडीवर येते. मात्र मनुष्यास जागें राहावें लागतें.

आमच्या माडीवर ती आली, ती एकटी नव्हे. पुतण्यांच्या वर्गांत कोल्हापूरच्या आसपासचे आणखी चौघे निघाले. एक कागलच्या वसाहतींत यंत्रकामावर, एक इचलकरंजीस मागांच्या कारखान्यांत, एक आपल्या वडिलांच्या उद्यमनगरांतील छोट्या शॉपमध्यें, आणि चौथ्या एक बाई, गोकुळ शिरगांवच्या एका कारखान्यांत गुणवत्ता-विभाग पाहणाऱ्या. रविवारीं वर्ग आटोपला म्हणजे हीं पांचही मंडळी आमच्या माडीवर जमूं लागलीं. बाईंचा चार वर्षांचा मुलगा आजीबरोबर येई आणि खालीं आमच्या नातवंडांत खेळे. त्या सासूबाई आमच्या वहिनींजवळ शेंगा निवडीत बसत. एकदां त्या सहज म्हणाल्या, "माझं गणित चांगलं होतं हो, पण सातवीनंतर कुणी पाठवलंच नाहीं. आतां सुनेला पोचवायला येतें, तर मला मीच शाळेंत जातेंय असं वाटतं." त्या दिवसापासून वहिनींनीं रविवारचा चहा न सांगतां वर पाठविण्यास आरंभ केला.

आम्ही प्रथम जिन्याच्या तोंडाशीं वर्तमानपत्र घेऊन बसत असूं. वरचें बोलणें कानीं पडे, आणि तें गप्पांचें नव्हतें. एकास सांख्यिकी येत नसे, तो दुसऱ्याकडून समजून घेई. दुसऱ्यास धातूंचें रसायन कळत नसे, तें पहिला समजावून देई. आमच्या जुन्या विद्यापरंपरेंत विद्येच्या चार पादांची एक सुंदर कल्पना आहे. एक पाद गुरूपासून मिळतो, दुसरा आपल्या बुद्धीनें, तिसरा सहाध्यायांपासून आणि चौथा काळानें परिपक्व होतो. हें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें होतें; पण तिसरा पाद डोळ्यांनीं पाहिला तो त्या जिन्यावर बसून. सोळा वर्षांच्या मुलांजवळ एकमेकांस देण्यासारखें फारसें नसतें. चाळिशीच्या उंबरठ्यावरील पांच इंजिनियरांजवळ मिळून साठ-सत्तर वर्षांचा अनुभव असतो.

त्याचा प्रत्यय लौकरच आला. कोल्हापूरच्या फाउंड्रींचा लौकिक वाचक जाणतातच. म्हादबा मेस्त्री व वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कर्त्या पुरुषांनीं पदवीच्या आधाराशिवाय येथील यंत्रोद्योगाचा पाया घातला; आज येथील ओतीव भाग देशभरच्या मोटारींत व पंपांत जातात. पुतण्यांच्या कारखान्यांत मात्र दर पावसाळ्यांत एक दुखणें उद्भवे. आषाढ-श्रावणांत ओतीव भागांच्या पोटांत पोकळ्या, म्हणजे त्यांच्या भाषेंत ब्लोहोल, निघत आणि मालाचा ढीग भंगारांत जाई. ठपका नेहमीं मोल्डिंगच्या लोकांवर. त्यांत एक जुने मोल्डर होते, साठीस टेकलेले. त्यांचा हात आतां चालत नाहीं, असें वरिष्ठांचें मत झालें, आणि त्यांस कामावरून कमी करावें अशा अर्थाचा अहवाल लिहिण्याचें काम आमच्या पुतण्यांकडे आलें. त्यांनीं तो लिहिलाही होता. सही तेवढी राहिली होती.

प्रबंधासाठीं त्यांनीं हाच प्रश्न घेतला आणि रविवारीं माडीवर मांडला. १९२४ सालीं वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें काढलेले नियंत्रण-आलेख त्यांच्या अभ्यासांत होते. हे शूहार्ट भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशींही येऊन गेले होते. पुतण्यांनीं खराब मालाची नोंद तारखेवार, पाळीवार, माणसागणिक मांडली होती. पण कांहीं उलगडा होईना. जुन्या मोल्डरांच्या पाळींतील खराबी इतरांहून वेगळी नव्हती, एवढेंच दिसे. तेव्हां गुणवत्ता-विभागाच्या त्या बाईंनीं विचारलें, "ओतण्याची तारीख आहे, पण आंतला कोर कधीं बनवलेला, त्याची तारीख कुठाय?"

ती तारीख कोणींच लिहून ठेविली नव्हती. ओतीव भाग आंतून पोकळ हवा असेल, तर साच्यांत वाळूचा एक गाभा बसवितात. त्यास कोर म्हणतात. हा कोर दमट हवेंत पडून राहिला म्हणजे ओल धरतो. मग चौदाशें अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस त्यावर पडला कीं त्या ओलीची वाफ होते. आणि पाण्याची वाफ झाली म्हणजे शंभर अंशांसच तिचें आकारमान सुमारें १६०० पट होतें. बाहेर पडण्यास वाट न मिळालेली वाफ धातूच्या पोटांत पोकळी करून बसते. पुढील महिनाभर पुतण्यांनीं प्रत्येक कोरावर तारीख घातली. ताज्या कोरांचा माल बहुतेक चांगला, दोन-तीन दिवस शिळ्या कोरांचा माल खराब. आलेख आरशासारखा स्वच्छ आला.

हा शोध त्यांनीं त्या जुन्या मोल्डरांस जाऊन सांगितला. ते हंसले आणि म्हणाले, "सायेब, पावसात शिळा कोर फुगतोय, ह्ये मला ठावं हाय. पर कुनी इचारलंच न्हाई."

त्या रात्रीं पुतणे जेवले नाहींत. आम्ही माडीवर गेलों, तेव्हां तो अहवाल त्यांच्यासमोर फाटून पडला होता. ते म्हणाले, "काका, मी सही करणार होतों." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. थोड्या वेळानें एवढेंच म्हणालों, "केली नाहींस ना? मग प्रबंधांत त्यांचें म्हणणेंही लिही." त्यांनीं तें लिहिलें. कोर ठेवण्यास कोरडी खोली झाली, आधीं बनलेला कोर आधीं वापरावा असा नियम झाला, आणि पुढच्या पावसाळ्यांत भंगाराचा ढीग डोळ्यांस दिसेल इतका लहान झाला. मोल्डर अद्याप कामावर आहेत. नव्या मुलांस शिकविण्याचें काम आतां त्यांजकडे आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा विचार चालू असेल, त्यांस दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली सावधगिरीची. नोकरी सांभाळून मिळणारी प्रत्येक पदवी मान्य असतेच असें नाहीं. कांहीं अभिमत विद्यापीठांनीं परिषदेच्या मान्यतेवांचून पत्रद्वारें इंजिनियरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. त्यांवर सर्वोच्च न्यायालयानें ३ नोव्हेंबर २०१७ रोजीं निर्णय दिला आणि अनेकांच्या वर्षांच्या कष्टांवर संकट आलें. ए. एम. आय. ई. चीही सरकारी मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नांव नोंदविलेल्यांपुरती ठरविली गेली. म्हणून फी भरण्यापूर्वीं विद्यापीठ अनुदान आयोग व तंत्रशिक्षण परिषद यांची मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमास आहे कीं नाहीं, हें लेखी पाहावें. संस्थेचें नांव मोठें आहे, एवढ्यावर विसंबूं नये.

दुसरी गोष्ट घरांतली. या पदवीवर नांव एकाचें असतें, पण ती मिळवितें सारें घर. दोन वर्षें आमच्या सूनबाईंनीं बँकेचीं कामें, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचें औषधपाणी, सर्व एकटीनें ओढलें. रविवारीं नवरा घरांत असून नसल्यासारखा. तिसऱ्या सत्रांत एका विषयांत पुतणे नापास झाले, तेव्हां सर्व सोडून देण्याची भाषा त्यांनींच केली, आणि त्या पहिल्या रात्रीं ज्यांनीं एक शब्द उच्चारला नव्हता, त्या सूनबाई म्हणाल्या, "दीड वर्ष मी जें केलं तें अर्ध्यावर टाकायला केलं नाहीं." यानंतर त्या घरांत तो विषय पुन्हां निघाला नाहीं. ज्या घरीं हा भार वांटून घेण्याची तयारी नाहीं, तेथें आधीं ती करावी आणि मग अर्ज भरावा. आणि सून शिकूं म्हणाली, तर तिच्यासाठींही हाच न्याय असावा, हें त्या शेंगा निवडणाऱ्या सासूबाईंनीं आम्हांस न बोलतां शिकविलें.

गेल्या महिन्यांत पदवीचा कागद आला. पुतण्यांनीं तो देवापुढें ठेविला, आईवडिलांस नमस्कार केला, आणि नंतर आमच्यापुढें एक छापील कागद आणून ठेविला. तो बी. ए. च्या प्रवेशाचा अर्ज होता. "काका, संस्कृत घ्या. रविवारीं माडी रिकामी आहे," ते म्हणाले.

आम्हीं चष्मा पुसण्यास वेळ लाविला. विद्येचा चौथा पाद काळ देतो म्हणतात. आमच्या वांट्याचा काळ आतां किती उरला आहे, तें ईश्वर जाणे. पण यावेळीं घरचीं कारणें सांगण्याची सोय उरलेली नाहीं. अर्ज भरून झाला आहे.