समजून घ्या : बिनवासाचा वायू चिपला कसा कळतो?

गॅस गिझर नीट जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो. नाकाला न कळणारा हा वायू नखाएवढ्या चिपला मात्र कळू शकतो.

कसा कळतो?
चिपवर टिन ऑक्साइडचा पातळ थर असतो. सूक्ष्म हीटर तो २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. हवेतला ऑक्सिजन थराला चिकटून इलेक्ट्रॉन अडकवतो आणि विद्युतरोध वाढतो. कार्बन मोनॉक्साइड हाच ऑक्सिजन ओढून घेतो. इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घटतो. ही घट म्हणजेच इशारा.

नॅनोकणच का?
ही क्रिया कणांच्या पृष्ठभागावर होते. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त. २००७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी तर ग्राफिनवर वायूचा एकेक रेणू टिपून दाखवला.

आर्द्रता का मोजायची?
पाण्याची वाफही याच थरावर बसून रोध बदलते. पावसाळ्यात किंवा वाफाळलेल्या बाथरूममध्ये माप चुकू शकते. म्हणून काही सेन्सरमध्ये आर्द्रतामापकही असतो. त्याच्या नोंदीवरून वायूचे माप दुरुस्त केले जाते. बॉशच्या बीएमई६८० मध्ये वायू, आर्द्रता, दाब आणि तापमान हे चारही सेन्सर ३ बाय ३ मिलिमीटरमध्ये मावतात.

मर्यादा काय?
हा थर अल्कोहोलच्या वाफेलाही प्रतिसाद देतो. त्यामुळे हवेचा दर्जा सांगणारे साधे उपकरण पुरेसे नाही. खास कार्बन मोनॉक्साइडसाठीचाच अलार्म घ्यावा. आणि अलार्म असला तरी हवा खेळती हवीच.