गोळे पडले मद्रासवर, बिल आले मिठावर!

चेन्नईच्या हायकोर्टाच्या आवारात भिंतीवर एक छोटीशी पाटी आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री इथे जर्मन तोफगोळे पडले, याची ती खूण.

रात्री साडेनऊचा सुमार. बंदरासमोर ‘एमडन’ ही युद्धनौका येऊन ठेपली. कप्तान कार्ल फॉन म्युलरने अर्ध्या तासाच्या आत सव्वाशेच्या आसपास गोळे डागले आणि अंधारात पसार झाला. बर्मा ऑईल कंपनीच्या टाक्या धडाधडा पेटल्या. पाचेक माणसे दगावली. घाबरलेले लोक बोचकी बांधून शहर सोडू लागले. तमिळमध्ये बिलंदर माणसाला ‘एमडन’ म्हणतात ते तेव्हापासून!

नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने कोकोस बेटांजवळ एमडनला गाठून निकामी केले. मद्रासने सुस्कारा सोडला. पण युद्धाचा खरा खर्च पुढेच होता.

हिंदुस्थान सरकारचे अर्थखाते तेव्हा सर विल्यम मेयर यांच्याकडे होते. गंमत म्हणजे त्यांची सनदी नोकरी मद्रास प्रांतातच सुरू झाली होती. १९१६ मध्ये मिठावरचा कर मणामागे एक रुपयावरून सव्वा रुपया झाला. १९१७ मध्ये हिंदुस्थानने ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी तब्बल १० कोटी पौंड ‘भेट’ दिले. त्या काळचे हे दीडशे कोटी रुपये; सरकारच्या जवळपास वर्षभराच्या महसुलाइतके! पैसा तिजोरीत कुठे होता? कर्ज काढले, व्याज करदात्यांच्या माथी. पन्नास हजारांवरच्या मिळकतीला सुपरटॅक्स लागला. परदेशी कापडावरची जकात साडेतीनवरून साडेसात टक्के झाली. मुंबईचे गिरणीमालक यावर मनातून खूशच होते, ती गोष्ट वेगळी.

पण मिठाचे काय? माणसाला वर्षाला पाच-सहा किलो मीठ लागते. म्हणजे पाच जणांच्या घराला वाढीव कराचे तीनेक आणे पडले. आज हसू येईल, पण मजुराच्या दिवसाच्या कमाईतला तो मोठा वाटा होता. शिवाय श्रीमंताला सुपरटॅक्स परवडत होता, गरिबाला मीठ टाळता येत नव्हते.

युद्ध १९१८ मध्ये संपले. कर मात्र उतरला नाही. उलट १९२३ मध्ये तो अडीच रुपयांवर गेला आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा सव्वावर आला. एप्रिल १९३० मध्ये राजाजी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला मीठ उचलायला पायी निघाले, तेव्हाही मणामागे सव्वा रुपयाच होता.